टोर्नेडोचा माग: एका जागचं रडार की ट्रकवरचं?

अमेरिकेत सुपरसेल वादळांवर, म्हणजे टोर्नेडो जन्माला घालू शकणाऱ्या फिरत्या वादळांवर, रोजची नजर असते ती नेक्सरॅडची. देशभर पसरलेली ही सुमारे 160 डॉप्लर रडारं, म्हणजे पावसासोबत वाऱ्याचाही वेग टिपणारी. तरंगलांबी 10 सेंटीमीटर, त्यामुळे धो-धो पाऊस आणि गारांच्या पलीकडचंही दिसतं. पावसाच्या चित्रात गळासारखा वाकडा आकार उमटला आणि वाऱ्याच्या चित्रात जवळ येणारा हिरवा अन् दूर जाणारा लाल रंग एकमेकांना खेटले, की इशारा द्यायची वेळ आली.

अडचण पृथ्वीच्या गोलाईची. सगळ्यात खालचा किरण अर्ध्या अंशावर सोडला तरी 100 किलोमीटरवर तो जमिनीपासून जवळजवळ दीड किलोमीटर वर गेलेला असतो. ढगातलं फिरणं कळतं, खाली गावात काय चाललंय ते नाही. शिवाय आकाशाची पूर्ण फेरी व्हायला चार-पाच मिनिटं जातात. एखादा टोर्नेडो तेवढ्यात येऊन विरतोसुद्धा.

ट्रकवरचं रडार जवळ जाऊन काही सेकंदांत पुन्हा पुन्हा बघतं. 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ अशाच रडारने ताशी 480 किलोमीटरच्या आसपासचा वारा टिपला. तरी टोर्नेडोची ताकद सांगणाऱ्या ईएफ0 ते ईएफ5 या मापात अधिकृत श्रेणी ईएफ3च राहिली. ती पडझडीवरून ठरते, आणि हा टोर्नेडो बराचसा मोकळ्या रानातून गेला! मात्र ट्रकवरच्या बहुतेक रडारांच्या 3 सेंटीमीटरच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात.

संशोधनाला ट्रक हवाच. पण मध्यरात्री झोपलेलं गाव उठवायचं असेल, तर माझं मत नेक्सरॅडला.