सान आंद्रेसची वीण की सिनाकांतानचे भरतकाम: चियापासमधून वस्त्र घेताना

मेक्सिकोच्या चियापास राज्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवरील सान क्रिस्तोबाल दे लास कासास या शहरात आसपासच्या डोंगरगावांतील त्सोत्सिल या माया आदिवासी समाजाच्या स्त्रियांची वस्त्रे विक्रीस येतात. त्यांतून एकच घ्यायचे असेल, तर निवड बहुधा दोहोंत होते: सान आंद्रेस लाराइन्सारचा विणलेल्या नक्षीचा उइपिल, म्हणजे स्त्रियांचा सैल अंगरखा, किंवा सिनाकांतानची यंत्राने फुले भरलेली शाल.

उइपिलच्या मागाचे एक टोक खांबाला बांधतात आणि दुसरे विणणारीच्या कमरेमागील पट्ट्याला. ताणा, म्हणजे उभे धागे, तिच्या अंगाच्या भाराने ताठ राहतो, त्यामुळे पन्हा हात पोहोचतील तेवढाच निघतो आणि उइपिल पट्टे जोडून शिवावा लागतो. नक्षीचा रंगीत धागा विणतानाच, बाण्याच्या म्हणजे आडव्या धाग्याच्या जोडीने, बोटांनी घातला जातो. स्वयंपाक व शेतीतून उरलेल्या वेळात भरगच्च उइपिल पुरा व्हायला कित्येक महिने लागतात. एवढ्या कष्टांची किंमत बाजारात क्वचितच मिळते, आणि मुली मागावर बसेनाशा होण्याचे मोठे कारण मला हेच वाटते. शाळा आणि स्वस्त तयार कापड ही कारणे त्यानंतरची.

सिनाकांतानमध्ये एकेकाळी लाल-पांढऱ्या बारीक रेघांचे कापड प्रचलित होते. आज तेथे गर्द निळ्या-जांभळ्या फुलांची चलती आहे. हरितगृहांतील फुलशेतीवर जगणाऱ्या या गावाने फुलेच अंगावर घ्यावीत, हे शोभूनही दिसते. हे काम लवकर होते, स्वस्त पडते आणि गावातील स्त्रिया स्वतः ते हौसेने नेसतात, म्हणून त्याला नकली म्हणणे अन्यायाचे ठरेल. शिवाय भरतकामाखालचे कापड पुष्कळदा कमरेच्या मागावरचेच असते.

पारख करताना वस्त्र उलटून पाहावे. भरतकामाचा धागा कापडाला टोचून कोणत्याही दिशेला वळतो, तर विणलेल्या नक्षीचा धागा बाण्याला समांतर जातो. पैठणी उलटून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला हे सांगावे लागणार नाही.

रोज वापरायला शाल पुरेशी आहे. विणकामालाच पैसे द्यायचे असतील, तर सान क्रिस्तोबालमधील सांतो दोमिंगोच्या जुन्या मठातील स्ना होलोबिल या विणकर स्त्रियांच्या सहकारी संस्थेच्या दुकानात जावे. तेथील उइपिल परवडत नसेल, तर चौकात घासाघीस करून स्वस्त उइपिल घेण्यापेक्षा विणलेल्या नक्षीचा लहानसा रुमाल पूर्ण किमतीला घ्यावा.