जांभळी नाक्याची भाजी आणि कुंडीतला पुसा रुबी टोमॅटो, तीन वर्षांचा अनुभव

ठाण्यात नवीन राहायला आलेलं कोणी ना कोणी मला विचारतंच की चांगली ताजी भाजी कुठे मिळते, म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते. माझं मत आधीच सांगते, भाजीसाठी सकाळी जांभळी नाका, आणि टोमॅटो मात्र निदान थंडीचे तीन महिने तरी विकत आणू नका, घरी कुंडीत लावा. हे मी उगाच म्हणत नाहीये, तीन वर्षं दोन्ही करून बघितलंय.

आधी जांभळी नाका. स्टेशनला पश्चिमेला उतरलात की चालत दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, तलावपाळीच्या अलीकडे, कौपिनेश्वर मंदिराच्या आजूबाजूला सगळा बाजार भरतो. सकाळी साडेसात ते नऊ ही वेळ बेस्ट. दहानंतर गर्दी होते आणि पालेभाजी उन्हाने माना टाकायला लागते, संध्याकाळी स्वस्त मिळते पण मग त्यातली अर्धी निवडून टाकावी लागते, म्हणजे हिशोब तिथेच येतो. गाडी अजिबात नेऊ नका, लावायला जागाच नाही, रिक्षाने जा नाहीतर बसने.

तिथे दोन प्रकारचे विक्रेते असतात आणि हा फरक कळायला मला वर्ष गेलं. गाळ्यांवर, हातगाड्यांवर जी भाजी असते ती बहुतेक वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून येते. नाशिक, पुणे, जुन्नर वगैरे भागातून रात्रभर ट्रक येतात, पहाटे तिथे घाऊक विक्री होते आणि टेम्पोतून माल ठाण्याला. म्हणजे कोबी, फ्लॉवर, सिमला मिरची, गाजर ह्या गोष्टी तिथून घ्यायला काहीच हरकत नाही, चांगला माल असतो. पण कडेला खाली गोणपाट टाकून ज्या बायका बसतात त्यातल्या कितीतरी जणी मुरबाड, शहापूर, भिवंडीकडून स्वतःच्या वाडीतलं घेऊन आलेल्या असतात, आणि खरी गंमत त्यांच्याकडे. त्यांच्याकडे कुठलीच भाजी फार नसते, चार जुड्या माठ, थोडी चवळई, दोन-तीन दुधी, वाटाभर गावठी मिरच्या. दुधीला देठ ताजा, कापला तर अजून पाणी सुटतंय असा. मी सरळ विचारते, मावशी हे घरचं की मार्केटचं, आणि त्या खरं सांगतात. एकदा एक मावशी म्हणाली, "ताई, मेथी मार्केटची हाय, माठ माझा हाय, माठ घे." तेव्हापासून मी पालेभाजी तिच्याकडूनच घेते.

आणि पावसाळ्यात तर चुकवूच नका. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला शेवळं ही रानभाजी येते, तिच्यासोबत काकडं (छोटी आंबट रानफळं) पण घ्या, कारण शेवळं खाजरी असतात आणि काकडाशिवाय केलीत तर घसा धरेल. मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी आणि थोडं पुढे कंटोली. टाकळा अगदी कोवळाच घ्यायचा, पावसाच्या पहिल्या काही आठवड्यांतला, नंतर जून होतो आणि कडवट लागतो. ह्यातल्या बहुतेक भाज्या कुठल्या अ‍ॅपवर मिळत नाहीत, आणि मिळाल्याच तर त्या बायकांना त्यातलं काय मिळत असेल देव जाणे. भाजी कशी करायची हे विकणारीलाच विचारा, ती इतकं मनापासून सांगते की रेसिपीचे व्हिडिओ बघायची गरज पडत नाही. भाव पण फार करू नका हो. ती बाई पहाटेची गाडी पकडून आलेली असते, रान तुडवून गोळा केलेली भाजी आहे ती, पाच रुपयांसाठी घासाघीस करावी असं मला खरंच वाटत नाही.

अ‍ॅपबद्दल एवढंच की मी पण एक वर्षभर दहा मिनिटात घरी आणून देणाऱ्या एका अ‍ॅपवरूनच भाजी मागवायचे, नाव नाही घेत. पालक आतून चिकट झालेला, भेंडी जून, आणि तक्रार केली की पैसे परत येतात पण रात्रीच्या जेवणाला भाजी नाही ती नाहीच. कांदे-बटाटे अडीअडचणीला मागवते अजून. पालेभाजी नाही.

आता टोमॅटो. बाजारातला टोमॅटो बघा, लालभडक, टणक, सगळे एकाच साइजचे, आणि चव? साराला आंबटपणा येत नाही, कोशिंबिरीत नुसतं पाणी. ह्यात विकणाऱ्याचा दोष नाही. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतहून क्रेटमध्ये भरून, ट्रकमध्ये एकावर एक रचून यायचं तर जाड सालीच्या, टिकाऊ जातीच लावाव्या लागतात आणि रंग फिरायला लागला की लगेच तोडावे लागतात. शेतकऱ्याला दुसरा इलाजच नाही. आणि भाव तर आठवत असतील, 2023 च्या जुलैत किलोला शंभरच्या वर, दीडशेपर्यंत सुद्धा आम्ही दिलेत, आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात शेतकरी भाव नाही म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतत होते. उन्हाळ्यात कवडीमोल झालं म्हणून लागवड कमी झाली, वर ऊन आणि पाऊस, झालं. त्या जुलैत मी ठरवलं की आपल्याला लागतात तेवढे तरी घरी लावून बघायचे.

पहिल्या वर्षी सगळंच चुकलं. जुलैमध्येच बी टाकलं, ठाण्याचा पाऊस, रोपं गळून गेली. मग नर्सरीतून तयार रोपं आणि तयार मातीची पिशवी आणली, ती माती सुकली की विटेसारखी घट्ट व्हायची, पाणी वरूनच वाहून जायचं. कुंड्या आठ इंची. त्यात टोमॅटो होत नाही, तुळस होते.

दुसऱ्या वर्षी माझ्या सासूबाईंनी सांगितलं की गणपती झाले की बी टाक, आधी हात लावू नको. आणि तेच बरोबर आहे आपल्या हवेला. सप्टेंबरच्या शेवटी बी पेरायचं, पाऊस उघडला की ऑक्टोबरमध्ये रोप मोठ्या कुंडीत, डिसेंबरच्या मध्यापासून फळ. टोमॅटोला दिवसा कडक ऊन चालतं पण रात्र गार लागते, रात्री उकडत असेल तर फूल येतं आणि गळून पडतं, म्हणून मार्चच्या शेवटी आपल्याकडे झाड हिरवंगार असूनही फळ धरत नाही. खत घालून काही होत नाही त्याला. आणखी एक फायदा असा की थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो त्यामुळे ज्यांची बाल्कनी दक्षिणेला आहे त्यांच्याकडे नेमकं ह्याच महिन्यांत ऊन आत येतं. माझ्याकडे चौथ्या मजल्यावर सहा तास येतं, जूनमध्ये दोन तास पण नाही.

बी घेतलं पुसा रुबी. ही दिल्लीच्या पुसा इन्स्टिट्यूटची, म्हणजे शेती संशोधन संस्थेची, जुनी जात आहे, फळ मध्यम, थोडं चपटं, अंगावर हलक्या रेघा, साल पातळ आणि मस्त आंबट. हायब्रीड नाहीये, म्हणून घरचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच झाड येतं. बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेची अर्का रक्षक पण लावून बघितली, तिला रोग खरंच कमी येतो आणि फळं मोठी, पण ती हायब्रीड आहे आणि चव मला तरी बाजारच्या जवळची वाटली. ज्यांना पहिल्याच वर्षी निराश व्हायचं नाहीये त्यांनी अर्का रक्षक लावावी, ज्यांना सार करायचंय त्यांनी पुसा रुबी.

कुंडी म्हणजे माझ्याकडे रंगाचे 20 लिटरचे रिकामे डबे आहेत, खाली पाच-सहा भोकं पाडून. 15 इंची ग्रो बॅग पण चालते. एका डब्यात एकच झाड, दोन लावायचा मोह होतो पण नका करू. मातीत साधारण सारख्या भागाने लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड. रोप लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरायचं, टोमॅटोच्या खोडालाच मुळं फुटतात आणि झाड दणकट होतं. बांबूची काठी सुरुवातीलाच रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात. फुलं आली की सकाळी नऊ-दहाला देठाला हलकी टिचकी मारायची, फुलातल्या फुलातच परागकण पडतात, एवढ्या उंचीवर मधमाश्यांची वाट बघत बसायला नको.

सगळ्यात जास्त त्रास बूड काळं पडण्याचा झाला. फळ छान वाढतंय आणि खालून चामड्यासारखा काळा डाग. कोणी म्हणालं अंड्याची टरफलं घाला, घातली, काही झालं नाही, ती मातीत विरघळायला महिनोन् महिने घेतात. कॅल्शियम कमी पडून होतं हे खरंय पण बहुतेक वेळा ते मातीत असतं, पाणी कधी भरपूर कधी नाही असं झालं की फळापर्यंत पोचत नाही. रोज सकाळी ठरावीक पाणी आणि वर सुक्या पानांचा थर, एवढं केलं आणि पुढच्या घोसापासून डाग बंद. दुसरा शत्रू पांढरी माशी. ती पानं चुरडून टाकणारा व्हायरस आणते आणि एकदा पानं वळून झाड बुटकं झालं की औषध नाही, उपटून टाका, बाजूची तरी वाचतील, उपटायला जीव झाला नाही म्हणून मी एक झाड ठेवलं आणि त्यापायी तीन गेली. आता पिवळे चिकट सापळे लावते आणि आठवड्याने संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, साबणाचे थेंब घालून. बुलबुल पण चोच मारतात, त्यावर उपाय सोपा, फळ गुलाबी झालं की तोडून ओट्यावर ठेवायचं, चव काही कमी होत नाही. फ्रिजमध्ये मात्र नका ठेवू, तिथे चव मरते.

गेल्या थंडीत चार डब्यांतून आठेक किलो निघाले. पैशाच्या हिशोबाने काही फार वाचत नाही, पहिल्या वर्षी तर खर्चच जास्त. पण पहिल्या टोमॅटोचं सार केलं, नारळाचं दूध, जिऱ्याची फोडणी, आणि सासूबाई म्हणाल्या, "आमच्या माहेरी परसात असायचे तसे आहेत गं." मला आणखी काय हवं.

रेटिंग द्यायचं तर जांभळी नाक्याला साडेचार, अर्धा कापला तो पावसात पायाखाली होणाऱ्या चिखलासाठी आणि त्या बायकांच्या डोक्यावर धड छप्पर नाही त्यासाठी. पुसा रुबीला पाचपैकी पाच.

फेब्रुवारीत दोन चांगली फळं झाडावरच पूर्ण पिकू दिली, गर दोन दिवस पाण्यात भिजवून बी धुतलं आणि वर्तमानपत्रावर सुकवलं. माठवाल्या मावशीला सहज एक पुडी दिली, तिने वास घेतला, पदराला बांधली आणि म्हणाली, "पावसाच्या तोंडाला ये ताई, तुला कंटोलीचा कंद आणून देते, लाव कुंडीत."