समरकंदच्या सियाब बाजाराला अख्खी सकाळ द्यावी

दिवाळीच्या सुट्टीत सासूबाई, यजमान आणि बारा वर्षांची मुलगी यांच्यासह आम्ही इंदूरहून दिल्लीमार्गे उझबेकिस्तानात ताश्कंदला आणि तेथून अफ्रोसियाब या वेगवान रेल्वेने समरकंदला गेलो. आमच्या सहल-कंपनीने सियाब बाजारासाठी जेमतेम अर्धा तास ठेवला होता, आणि त्यातलीही दहा मिनिटे बसमधून उतरण्यात व माणसे मोजण्यात गेली. सासूबाई सुक्या मेव्याच्या पहिल्याच राशीपाशी उभ्या असताना गाइडने परतीची हाक दिली, याचे मला फार वाईट वाटले. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गटाचा कार्यक्रम सोडून आम्ही चौघे पुन्हा तेथे गेलो. हे परीक्षण त्या दुसऱ्या भेटीचे आहे.

बाजार बीबी खानम मशिदीला अगदी लागून आहे, आणि तेथे सर्वांत आधी पाहावा तो नान. समरकंदचा नान जाड, गोल, कडेला फुगीर आणि मध्ये दबलेला असतो. दबलेल्या भागावर बारीक खिळ्यांच्या शिक्क्याने टोचून फुलाची नक्षी काढलेली असते, आणि त्या टोचण्यामुळेच तंदुरात तेवढा भाग फुगत नाही. वर तीळ आणि तुपाचा हात फिरवल्यासारखी चकाकी. मुलीने हातातला नान सहज पालथा ठेवला, तेव्हा विकणाऱ्या आजीबाईंनी काही न बोलता तो उचलून सुलटा केला. पालथा ठेवणे म्हणजे अन्नाचा अनादर, असे तेथे मानतात. सासूबाईंना हे समजावून सांगावे लागले नाही. अन्नाला चुकून पाय लागला तर हात जोडणाऱ्या पिढीतल्या त्या. त्यांनी आजीबाईंकडे पाहून मान डोलावली. घेतलेल्या दोन नानांपैकी शेवटचा तुकडा आम्ही चौथ्या दिवशी चहात बुडवून खाल्ला आणि तोही चवीला उत्तम होता.

भाषेची अडचण वाटली होती तेवढी आली नाही, कारण आपल्या इंदुरी हिंदीतले कितीतरी शब्द तेथे थोड्या वेगळ्या उच्चारात भेटतात: अनारला अनोर, प्याजला पियोझ, समोशाला सोमसा. एकदाच फसगत झाली. मुलीने ‘सब्जी’ कुठे मिळेल असे विचारले आणि विक्रेत्याने पिवळ्या गाजरांची जुडी पुढे केली, कारण उझबेक भाषेत साब्झी म्हणजे गाजर. ही गाजरे पुलावात पडतात, आणि तो पुलाव मांसाचा असतो, हे शाकाहारी कुटुंबांनी ध्यानात ठेवावे. सासूबाईंचे जेवण नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, खरबूज आणि लाल भोपळ्याचा सोमसा यांवर झाले. सोमसा घेताना आत मांस किंवा चरबी नाही ना, हे मात्र प्रत्येक वेळी विचारावे.

खरेदीत जर्दाळू, मनुका आणि राखेत भाजलेल्या खारट जर्दाळूच्या बिया जरूर घ्याव्यात. दोऱ्यावर जमवलेली पिवळसर खडीसाखर, जिला तेथे नव्वोत म्हणतात, सासूबाईंनी देवघरासाठी घेतली. चव पाहायला मागितली तर विक्रेते आनंदाने देतात, आणि इंदूरच्या सीतलामाता बाजारात ज्यांनी घासाघीस केली आहे त्यांना भावाची काळजी करण्याचे कारण नाही. एक सावधगिरी मात्र हवी: केशर म्हणून जे स्वस्तात पुढे केले जाते, त्यात बऱ्याचदा करडईच्या पाकळ्या असतात. मी ते चिमटीत धरून पाहिले आणि परत ठेवले.

बाजारातून बाहेर पडल्यावर बीबी खानम समोरच आहे. तैमूरने दिल्लीवरच्या 1398 च्या स्वारीनंतर ती बांधायला घेतली, हे ठाऊक असल्याने त्या प्रचंड कमानीखाली आम्ही थोडा वेळ गप्पच होतो. तेथून रेगिस्तान या जुन्या शहराच्या मुख्य चौकापर्यंत पादचारी रस्ता आहे आणि थकलेल्यांसाठी विजेच्या छोट्या गाड्याही आहेत. रेगिस्तानच्या तीन मदरशांबद्दल खूप लिहिले गेले आहे, म्हणून एवढेच सांगते की आतल्या खोल्यांमध्ये आता भेटवस्तूंची दुकाने दाटली आहेत. तेथे काही घेण्यापेक्षा अंगणात बसून त्यांपैकी शेर-दोर मदरशाच्या दारावरचे हरणामागे धावणारे वाघ आणि त्यांच्या पाठीवरचे सूर्यमुख निवांत पाहावे.

इंदूरकरांनी उलुग बेगची वेधशाळा अजिबात चुकवू नये. तैमूरच्या या नातवाने 1420 च्या दशकात ती उभारली. आज सुमारे 40 मीटर त्रिज्येच्या यंत्राचा फक्त जमिनीखालचा कमानदार भाग उरला आहे. उलुग बेगने केलेल्या ताऱ्यांच्या सारणीत (स्थाने दाखवणाऱ्या कोष्टकात) 1018 तारे आहेत, आणि त्याच परंपरेच्या आधारे जयपूरच्या राजा सवाई जयसिंहाने 18व्या शतकात आपली सारणी केली व उज्जैनची वेधशाळा बांधली. आमची मुलगी शाळेच्या सहलीतून उज्जैनचे जंतरमंतर पाहून आली होती. त्या खोल चरात उतरणाऱ्या दगडी पट्ट्या आणि त्यांवर कोरलेल्या खुणा पाहून तिनेच आजीला ते मोजमाप कसे होत असे हे समजावून सांगितले. बाजारापासून हे ठिकाण दूर नाही; टॅक्सीचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे आणि शेजारच्या छोट्या संग्रहालयासह येथे तासभर तरी ठेवावा.