वाईनची तिकिटं घेतली: पाकिटात फसलो, शीटने भरून काढलं

दोन वस्तू घेतल्या, विषय एकच म्हणून दोन्हींचा रिव्ह्यू एकत्रच लिहितोय. पहिली म्हणजे "वाईन थीम, ५० वेगवेगळी" असं लिहिलेलं परदेशी तिकिटांचं पाकीट, पेठेतल्याच एका डीलरकडून, ४५० रुपये. दुसरी म्हणजे इटलीच्या पोस्टाने २०१२ साली काढलेली डीओसीजी (म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या) वाईनची १५ तिकिटांची अख्खी शीट, ती ऑनलाईन एका कलेक्टरकडून मागवली, कुरियरसकट १३०० ला पडली. पाकीट घेऊ नका, शीट मिळाली तर सोडू नका. घाईत असाल तर इथेच थांबा, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, मी लांबण लावणार आहे.

शीटचं पार्सल आलं तेव्हा मी ऑफिसला, सही आईने केली आणि वरचं वाचूनही ठेवलं. संध्याकाळी घरात पाय ठेवला नाही तोवर, "काय रे, आता दारूची तिकिटं का?" म्हटलं अगं आई, द्राक्षाच्या बागांची आहेत ती. मग टेबलावर पडलेलं ते आधी आणलेलं पाकीट उचलून म्हणते, "बागांची आहेत तर ह्यांच्यावर बाटल्या कशाला काढल्यात?" २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला परवानगी द्यायचा निर्णय सरकारने घेतला होता ना, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वाईन म्हणजे दारू की नाही यावर तीन दिवस जुंपली होती आणि त्यात आमच्या मातोश्री आघाडीवर, त्यामुळे तिच्याशी वाद घालण्यात अर्थच नव्हता. पण तो बाटलीचा प्रश्न डोक्यात राहिला माझ्या, आणि नंतर एकेक तिकीट चिमट्याने उचलून बघताना तोच निकष लावत बसलो.

आता पाकिटाचं सांगतो. ५० म्हणाले, मोजली तर ४७ निघाली. त्यात दोन जोड्या सारख्या, म्हणजे "वेगवेगळी" हेही खोटंच. अकरा तिकिटांवर फळांची परडी, त्यात सफरचंद आहे, पेअर आहे, कोपऱ्यात बिचारा द्राक्षाचा एक घड, ह्याला वाईन थीम म्हणायचं तर आपल्या सत्यनारायणाच्या प्रसादातल्या केळ्यालाही ट्रॉपिकल थीम म्हणावं लागेल. आणि निम्म्याहून जास्त तिकिटं सीटीओ, म्हणजे "कॅन्सल्ड टू ऑर्डर". ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, काही देश तिकिटं छापली की तिथल्या तिथेच कोपऱ्यात सुबक शिक्का मारून गठ्ठ्याने डीलर लोकांना स्वस्तात विकायचे, पूर्व युरोपात हे सर्रास चालायचं आणि साठ-सत्तरच्या दशकात आखातातल्या छोट्या छोट्या अमिरातींनी तर ह्याचा धंदाच केला होता. ओळखायचं सोपं आहे, शिक्का कसा अगदी मापात चारही तिकिटांच्या मधोमध बसल्यासारखा कोपऱ्यातच असतो आणि उलटं केलं तर मागे डिंक जसाच्या तसा. म्हणजे ते तिकीट कधी पत्रावर चिकटलंच नाही, कुठे गेलं नाही, आलं नाही, नुसतं लग्नाच्या अल्बमातल्यासारखं पोझ देऊन उभं. सीटीओ असणं हा गुन्हा नाही, पण मग पाकिटावर तसं लिहा की, "यूज्ड" कशाला लिहिता.

शिवाय तीन तिकिटांचे दात तुटलेले, एकाच्या मागे जुन्या हिंजचे (अल्बमात तिकीट चिकटवायच्या कागदी पट्टीचे) तीन थर, आणि चार-पाचांवर ते तांबूस ठिपके, ओल लागल्याचे. फोन केला डीलरना, अगदी सभ्यपणे, तर म्हणाले, "साहेब, ४५० मध्ये तुम्हाला पेनी ब्लॅक हवं होतं का?" पेनी ब्लॅक म्हणजे जगातलं पहिलं टपाल तिकीट, आता ह्यावर काय बोलणार. पुण्यात दुकानदाराने गिऱ्हाईकाचा अपमान केला नाही तर व्यवहार पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही ते वेगळं, पण अहो तीन तिकिटं कमी आहेत त्याचं काय ते सांगा. "या कधीतरी, बघू" म्हणाले. अजून बघतोय.

पण अगदीच कचरा होता असंही नाही. पोर्तुगालच्या १९७० च्या पोर्ट वाईन सेटमधलं एक निघालं, खऱ्या पोस्टातून गेलेलं, शिक्का वेडावाकडा, म्हणून जास्तच आवडलं. त्यावर ग्लास आहे आणि मागे राबेलो, म्हणजे ती चपट्या बुडाची होडी जिच्यात दोरू नदीच्या वरच्या अंगाच्या मळ्यांमधून वाईनची पिंपं भरून खाली नदीच्या तोंडाशी वखारींपर्यंत आणायचे. गोव्याहून येताना आपले लोक ज्या "पोर्ट वाईन"च्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून आणतात ना, नाव इकडचं, म्हणजे ह्या नदीकाठचं. दोरूच्या त्या भागाची हद्द १७५६ साली सरकारने आखून दिली, ह्या हद्दीतलं तेच पोर्ट. जीआय टॅगची कल्पना आपल्याकडे कायद्यात यायला १९९९ उजाडलं, आणि ह्या लोकांनी अडीचशे वर्षं आधी दगड रोवून हद्दी दाखवल्या होत्या. हंगेरीच्या टोकायचंही तसंच, तिथली हद्द तर १७३७ ची, त्याचंही एक तिकीट होतं पण ते सीटीओ.

आणि एक स्वित्झर्लंडचं, १९५५ च्या वेव्हेच्या द्राक्ष-उत्सवाचं. ह्या एका तिकिटासाठी मी ४५० माफ केले असते, खरंच. वेव्हे गावातला हा उत्सव दर वर्षीचा नाही, एका पिढीत एकदा होतो, १९५५ नंतर १९७७, मग १९९९, मग थेट २०१९. ह्यात सत्कार होतो तो मळ्याच्या मालकाचा नाही, वाईन कंपनीचा तर नाहीच नाही, सत्कार होतो मळ्यात राबणाऱ्या गड्याचा. गावातली एक जुनी संघटना मळ्यांमधून फिरून कोणी बाग नीट राखलीये ते तपासते आणि उत्सवात त्या कामकऱ्यांना मानाने मुकुट घालते, १७९७ पासून. २०१६ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून नोंद केली ती ह्या उत्सवाची. आता सांगा, बाटलीच्या चित्राचं तिकीट आणि हे तिकीट, दोन्ही वाईनचीच, पण एक जाहिरात आहे आणि एक वारसा. आईचा मुद्दा हाच होता, तिला फक्त दारू बंद करायची होती तो भाग वेगळा.

आता शीट. पॅकिंगला पैकीच्या पैकी. दोन पुठ्ठ्यांमध्ये, ग्लासिनच्या (गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाच्या) पाकिटात, वर प्लॅस्टिक, कोपऱ्याला सुद्धा धक्का नाही. १५ तिकिटं, प्रत्येकी ६० सेंट, म्हणजे दर्शनी किंमतच ९ युरो होते, त्यामुळे १३०० काही लूट नाही. मिंट, म्हणजे न वापरलेली कोरी, मागचा डिंक एकसारखा, छपाई स्वच्छ. प्रत्येक तिकीट एकेका प्रदेशाच्या वाईनचं, पुढे घड, मागे त्या त्या गावची बाग आणि टेकड्या. बाटली नाही. आईला दाखवली तर म्हणाली "हे बरंय", आणि लगेच "पण तेराशे?" विचारलं.

डीओसीजी म्हणजे इटलीतली सगळ्यात वरची पायरी. १९६३ मध्ये कायदा झाला, कुठल्या गावची कुठली द्राक्षं, कशी करायची वगैरे, आणि १९८० पासून काही मोजक्या वाईनना हा वरचा दर्जा मिळायला लागला. अशा प्रत्येक बाटलीच्या मानेवर सरकारी नंबर असलेली कागदी पट्टी असते. आणि गंमत म्हणजे ती पट्टी आणि तिथली पोस्टाची तिकिटं एकाच सरकारी छापखान्यात छापतात! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच, कारण आपल्याकडे तिकिटं कुठे छापतात? नाशिक रोडला, १९२५ ला सुरू झालेल्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. १९४९ ची ती पहिली पुरातत्त्व मालिका, ज्यात नऊ पैवर घारापुरीची त्रिमूर्ती होती, तीही तिथलीच. म्हणजे आपल्याकडे द्राक्षही नाशिकचं, वाईनही नाशिकची, नाशिक व्हॅली वाईनला जीआयही आहे, आणि तिकिटाचा छापखाना त्याच जिल्ह्यात. २००६ मध्ये आपल्या पोस्टाने चंदनाच्या वासाचं तिकीट काढलं, २०१७ मध्ये कॉफीच्या वासाचं काढलं, शंभर रुपयांचं, ते माझ्याकडे आहे आणि डबीतून काढलं की अजून थोडा वास येतो. मग द्राक्षबागांची अशी एक मालिका काढायला काय हरकत आहे, बाटली नका दाखवू, आई खूश, सरकार खूश.

शीट घेऊन मी मामाकडे गेलो होतो, नारायणगावच्या बाजूला बाग आहे त्यांची, खाण्याच्या द्राक्षाची. मामा चष्मा लावून, मग चष्मा काढून, मग माझा भिंग घेऊन पंधरा मिनिटं बघत होते. म्हटलं मामा, कशी वाटली तिकिटं? तर म्हणे, "घड बघ की लेका. मणी किती बारीक अन् कसे गच्च. ह्याला थिनिंग नाय, जीएत बुडवलेलं नाय." (थिनिंग म्हणजे घडातले मणी विरळ करणं, जीए म्हणजे मणी फुगवायचं संजीवक.) मी म्हटलं मामा ही वाईनची द्राक्षं, मणी बारीकच लागतो, सालीत रंग नि चव असते, साल जास्त पाहिजे. "मला शिकवू नको, मी पण लावली होती वाईनची," म्हणाले. तेव्हा कळलं की वाईनची हवा होती त्या काळात दीड एकर लावली होती, मग मंदी आली, ज्यांच्याशी करार होता त्यांनी माल उचलला नाही, मामांनी दुसऱ्या वर्षी कुऱ्हाड घातली बागेवर. हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. नंतर परत खाण्याचं द्राक्ष लावलं, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन काय काय विचारून आले होते म्हणे तेव्हा.

मग सगळी शीट परत एकदा बघितली आणि एकच बोलले, "बाग छान राखलीये. पण माणूस कुठाय?" खरंच की. पंधराच्या पंधरा तिकिटांत एक माणूस नाही. इतक्या वेळा बघून माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून मी वेव्हेचं ते तिकीट काढून दाखवलं आणि गड्याच्या मुकुटाची गोष्ट सांगितली, तर दोनदा विचारलं, "मालकाला नाय? गड्याला?" आणि घरात हाक मारून मामींनाही ऐकवली. इटलीच्या शीटचा अर्धा स्टार मी तिथे कापला. बाकी तक्रार म्हणजे साचा एकच आहे, पंधरा तिकिटं लांबून बघितली तर एकाच बागेचे पंधरा फोटो वाटतात, आणि वाईनचं नाव इतकं बारीक की भिंगाशिवाय वाचता येत नाही.

मामा म्हणाले आपल्याकडे काढायचं तर एप्रिलची खरड छाटणी काढा, वर ऊन मी म्हणतंय, वेलीला पान नाही, नुसते ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या) उघडे आणि खाली कात्री घेतलेल्या बायका. ऑक्टोबरच्या छाटणीचा फोटो सगळेच काढतात म्हणे, तेव्हा फळ धरायचं असतं. तिकडे युरोपात छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत, आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, आपल्याकडे वर्षाला दोन छाटण्या आणि तोडणी जानेवारी ते मार्च, त्यामुळे कात्रीचं चित्र आपल्यालाच जास्त शोभेल हेही खरंच.

घ्यायच्या आधी थोडं. इटलीने ही मालिका पुढची काही वर्षं चालू ठेवली होती, तेव्हा विकणारा कुठल्या वर्षाची शीट देतोय ते विचारा, २०१२ च्या तिकिटावर ०.६० आहे. घेतल्यावर पुण्याच्या पावसाळ्यात जपा, जूनच्या आत अल्बम कपाटाच्या वरच्या खणात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि अल्बम उभा ठेवा, आडवा ठेवला की वजनाने डिंक पानाला धरतो, माझी एक अख्खी शीट अशीच गेलीये. मिंट शीटला हात लावायचा नाही, चिमटाच. पाकीट घ्यायचंच असेल तर बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात हाताने निवडून घ्या, सुटी मिळतात, आणि कुठेही घेतलं तरी तिकिटाची मागची बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑनलाईन असेल तर मागच्या बाजूचा फोटो मागा, जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

शीटला साडेचार. पाकिटाला दीड, त्यातला एक वेव्हेचा. डीलरकडे त्या तीन तिकिटांसाठी येत्या शनिवारी परत जाणार आहे, एक ते चार सोडून.