क्वीन्समधला अज्ञातवास: ‘कमिंग टू अमेरिका’ पुन्हा बघताना

या सिनेमात ‘मॅकडॉवेल्स’ नावाचं जे बर्गरचं दुकान दिसतं, ते खरं म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, क्वीन्स बुलेव्हार्ड या रस्त्यावरचं वेंडीज या बर्गरसाखळीचं एक दुकान होतं. शूटिंगपुरतं त्याचं बारसं केलं होतं. आम्ही तिथेच एल्महर्स्टला राहायचो तेव्हा मी दर शनिवारी लाँड्रीची पिशवी खांद्यावर टाकून त्याच्यासमोरून जायचे, आणि मला यातलं ओ का ठो माहीत नव्हतं. कळलं ते २०१३ साली, ते दुकान बंद झाल्याची बातमी वाचली तेव्हा. तोवर आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला येऊन रुळलो होतो. तर त्या दुकानाचं थोडं देणं लागते म्हणून हे लिहितेय असं समजा.

परवा भाची आली होती. पुण्याची, इथे एमएस करायला आलेली. दोन आठवड्यांपूर्वी तिला कॉलेजच्या मेसमध्ये काम लागलंय. ताटं विसळणं आणि फरशी पुसणं. आईला सांगितलं नाहीये, “मावशी, तू पण नको सांगूस,” असं मला आल्या आल्या बजावलं. मग म्हणाली, काहीतरी हलकंफुलकं लाव. मी डीव्हीडी काढली.

गोष्ट साधी आहे. आफ्रिकेत झमुंडा नावाचा एक काल्पनिक, गडगंज देश. तिथला राजपुत्र अकीम. एकविसाव्या वाढदिवसाला त्याच्यासमोर वाग्दत्त वधू उभी केली जाते. तिला जन्मापासून एकच शिकवलंय, राजपुत्राला आवडेल ते. तुला काय आवडतं? तुम्हाला आवडेल ते. खायला काय आवडतं? तुम्हाला आवडेल ते. वैतागून तो तिला कुत्र्यासारखं भुंकायला आणि एका पायावर उड्या मारायला सांगतो, आणि ती बिचारी खरंच मारते. भाची खो खो हसली. मला मात्र आमच्या सांगलीतला एक चहापोह्यांचा कार्यक्रम आठवला. नाव सांगत नाही. आवडनिवड विचारल्यावर मुलगी खाली मान घालून “तसं काही नाही” म्हणाली होती, आणि घरचे म्हणाले होते, बघा किती समजूतदार!

मग अकीम ठरवतो की बायको शोधायची ती आपल्याला राजपुत्र म्हणून न ओळखणारी. सेमी नावाचा जिवलग मित्र सोबत. न्यूयॉर्क की लॉस एंजेलिस, हे नाणं उडवून ठरतं. राणी होण्याजोगी मुलगी कुठे सापडेल? अर्थात क्वीन्समध्ये! हा विनोद बाळबोध आहे, कबूल. पण मी क्वीन्समध्ये आठ वर्षं काढली आणि मला तो एकदाही सुचला नाही.

आपल्याला अज्ञातवास काही नवा नाही. विराटाच्या मुदपाकखान्यात भीम बल्लव होऊन राबलाच की. पण पांडवांवर ती वेळ आली होती, अकीमने ती हौसेने ओढवून घेतलीय, आणि सिनेमातली निम्मी गंमत या हौसेत आहे. टॅक्सीवाल्याला तो सांगतो, क्वीन्सच्या सगळ्यात साध्या भागात ने. घरमालक खोली दाखवतो तर जमिनीवर खून झालेल्या आंधळ्या माणसाची खडूने काढलेली आकृती, आणि शेजारी त्याच्या कुत्र्याची. मालकाला वाईट वाटतंय ते कुत्र्याचं! तोवर खाली ठेवलेलं सगळं सामान चोरीला गेलेलं असतं, आणि पुढे सिनेमाभर गल्लीतले लोक राजवाड्यातल्या उंची कपड्यांत फिरताना दिसतात. सकाळी हा उठतो, जिन्यावर येतो आणि सगळ्या शेजाऱ्यांना मोठ्याने शुभ प्रभात म्हणतो. वरून शिव्या येतात. तो त्या शिव्याही आनंदाने परत करतो, कारण त्याला वाटतं इथलं अभिवादन हेच. एल्महर्स्टमधल्या पहिल्या महिन्यात आमच्या ह्यांनीही लिफ्टमध्ये भेटेल त्याला “गुड मॉर्निंग” घालायला सुरुवात केली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्याने जायला लागल्या.

अकीमचं काम करणारा एडी मर्फी त्या वेळी प्रसिद्धीच्या शिखरावर होता. १९८८ सालचा हा सिनेमा, दिग्दर्शक जॉन लँडिस. एरवी तोंडाळ आणि बेरकी भूमिका करणारा मर्फी इथे निर्मळ, जरा बावळट, शुद्ध बोलणारा. बेरकीपणा त्याने बाजूच्या भूमिकांसाठी राखून ठेवलाय. न्हाव्याच्या दुकानात दिवसभर मुष्टियोद्ध्यांवरून वाद घालणाऱ्या मंडळींत तोही आहे आणि सेमी झालेला अर्सेनियो हॉलही. तिथे खुर्चीत एक गोरा ज्यू म्हातारा बसलेला असतो, तोसुद्धा मर्फीच. हे भाचीला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगितल्यावर तिने रिमोट घेतला आणि तो प्रसंग दोनदा मागे नेऊन बघितला. रंगभूषा रिक बेकरची. तिला ऑस्करचं नामांकन होतं, आणि वेशभूषेलाही.

पण मला लिहायचंय ते मॅकडॉवेलबद्दल. नायिकेचा बाप, क्लिओ मॅकडॉवेल, जॉन एमोसने केलेला. याने बर्गरचं दुकान थाटलंय आणि ते मॅकडोनल्ड्सची नक्कल नाही, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला पटवत असतो. त्यांच्या कमानी सोनेरी, आमच्या कमानी सोनेरी असल्या तरी नाव निराळं. त्यांचा बिग मॅक, आमचा बिग मिक. मसाला तोच, चीज तेच, पण त्यांच्या पावावर तीळ असतात, आमच्या पावावर तीळ नाहीत! हे तो ज्या गांभीर्याने सांगतो ना, त्याला तोड नाही. आमच्या सांगली-मिरजेकडे एखादी भेळ गाजली की सहा महिन्यांत शेजारी तसंच नाव, एखादी वेलांटी इकडची तिकडे, आणि खाली “आमची कोठेही शाखा नाही”. मालकाला विचारलंत तर तोही असाच तिळाएवढा फरक छातीठोकपणे सांगेल.

अकीम आणि सेमी याच दुकानात कामाला लागतात. आणि इथे माझं आणि अकीमचं बिनसतं.

मी १९९३ साली आले. बीकॉम, टायपिंगच्या परीक्षा, सगळं फायलीत. पहिली नोकरी मिळाली ती डोनटच्या एका दुकानात. नाव घेत नाही, कॉफी चांगली होती. पहिल्या दिवशी हातात मॉप दिला. चाकांच्या पिवळ्या बादलीवर एक चाप असतो. मॉप त्यात घालून दांडी दाबायची, काळं पाणी खाली उतरतं, मग फरशीवर आठच्या आकड्यासारखा मॉप फिरवत मागे मागे यायचं. मला यातलं काहीच कुणी सांगितलं नाही. मी तो न पिळता तसाच निथळता फिरवला. एक आजोबा कॉफीच्या ग्लासासकट घसरता घसरता काउंटरला धरून वाचले. मॅनेजरने त्या दिवसाचा एक तास कापला, आणि मी रात्री बाथरूममध्ये नळ सोडून रडले. अकीम फरशी पुसतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सहलीला आल्याचा आनंद असतो. कचरा टाकायचा असला की माझी आठवण काढ, असं तो मॅकडॉवेलच्या मुलीला, लिसाला, भारावून सांगतो. अरे बाबा, खिशात अख्खा खजिना असताना कचराही शोभून दिसतो!

म्हणून मला सेमी खरा वाटतो. त्याला हे सोंग एक दिवसही सोसत नाही. तो गुपचूप खोलीचा कायापालट करून टाकतो, गरम पाण्याचा टब काय, गालिचे काय. आणि त्याहून खरा वाटतो दुकानातला तो गुबगुबीत मॉरिस. अकीमला धीर देताना तो सांगतो, मीही फरशी पुसण्यापासून सुरुवात केली, आता लेट्यूस धुतो, मग फ्राइज, मग वर्ष-दोन वर्षांत असिस्टंट मॅनेजर, आणि मग काय, पैसाच पैसा! हे तो थट्टेने म्हणत नाही. या वाक्याला भाची हसली नाही. “आमच्या मेसमध्ये पण असंच आहे,” म्हणाली, “मी अजून ताटांवर आहे.”

लिसाचं काम शारी हेडलीने गोड केलंय, पण लेखकांनी तिला जेमतेमच दिलंय. हुशार आहे, स्वाभिमानी आहे, यापलीकडे ती दिवसभर काय विचार करते ते कळत नाही. तिचा आधीचा मित्र डॅरिल जास्त लक्षात राहतो. याच्या घरचा केसांना लावायच्या चकचकीत रसायनाचा धंदा. डॅरिल आणि त्याचे आईवडील सोफ्यावरून उठतात तेव्हा पाठीवर तीन तेलकट डोकी उमटलेली असतात. आमच्या घरी आईने सोफ्याच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल घातले होते, पाहुण्यांच्या खोबरेल तेलासाठी. या प्रसंगाला मी जितकी हसले तितकी भाची हसली नाही. तिच्या पिढीने क्रोशाचे रुमाल पाहिलेलेच नाहीत.

मधला भाग थोडा रेंगाळतो, नाइट क्लबमधल्या मुलींची रांग आज जरा बेचव लागते. पण राजा-राणी न्यूयॉर्कला येऊन थडकतात आणि सिनेमा पुन्हा पळू लागतो. जेम्स अर्ल जोन्स राजा, मॅज सिंक्लेअर राणी. हीच जोडी पुढे १९९४ साली डिस्नेच्या सिंहांच्या सिनेमात राजा-राणीचे आवाज झाली. आपले जावईबापू खुद्द राजपुत्र आहेत हे कळल्यावर मॅकडॉवेल हरखून जातो, त्याचं ते हरखणं बघण्यासारखं आहे. आतापर्यंत डॅरिलच्या श्रीमंतीवर लाळ गाळणारा हा माणूस. पण राजा म्हणतो, झाल्या त्रासाबद्दल दहा लाख डॉलर घ्या आणि विषय मिटवा. मग वीस लाख. आणि तिळाच्या फरकावर जगणारा हा नकली दुकानदार ठाम नाही म्हणतो. राजा पोरीबद्दल वाकडं बोलल्यावर तर त्याच्या अंगावर जातो. राजा असशील तुझ्या घरी! माझ्या लेखी सिनेमातला राजेपणा इथे आहे, आणि तो पाव भाजणाऱ्याकडे आहे.

राणीचाही एक टोला विसरता येत नाही. राजा म्हणतो, ही परंपरा आहे, ती बदलणारा मी कोण? ती शांतपणे म्हणते, मला वाटलं तुम्ही राजे आहात. आमचे हे पेपर वाचत बसले होते, त्यांनी पेपर खाली केला.

मी पुढे हिशेबाच्या कामात शिरले, त्यामुळे पडद्यामागची एक भानगड मला सिनेमाइतकीच आवडते. आर्ट बुचवाल्ड या विनोदी स्तंभलेखकाने दावा लावला की मूळ कल्पना माझी, मी ती पॅरामाउंटला, म्हणजे हा सिनेमा काढणाऱ्या स्टुडिओला, विकली होती. १९९० साली न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. नफ्यातला वाटा काढायची वेळ आली तेव्हा स्टुडिओचं म्हणणं, निव्वळ नफा झालेलाच नाही! जगभरात २८ कोटी डॉलरच्या वर गल्ला, आणि नफा शून्य. असली वही मी आमच्या मालकांपुढे ठेवली असती तर त्यांनी मला परत मॉपवर पाठवलं असतं. १९९२ साली न्यायालयाने बुचवाल्ड आणि त्याचा निर्माता साथीदार यांना मिळून ९ लाख डॉलर मंजूर केले.

काही व्यवहाराच्या गोष्टी. लांबी दोन तासांना थोडी कमी. सुरुवातीलाच राजपुत्राच्या स्नानाचा प्रसंग आहे आणि त्यात अंगावर वस्त्रं नसलेल्या दासी आहेत, तेव्हा सासूबाईंना चहा देऊन मगच लावा. शिव्याही भरपूर. २०२१ साली याचा दुसरा भाग आला. तो बघितला नाहीत तरी चालेल, मी अर्ध्यात उठून कुकर लावला. माझ्याकडून पहिल्या भागाला पाचपैकी चार. एक तारा लिसाच्या वाट्याचा होता, तो तिला मिळाला नाही म्हणून मीही देत नाही.

आणि शेवटी पाट्या सुरू झाल्या की लगेच बंद करू नका. न्हाव्याच्या दुकानातला तो म्हातारा परत येऊन एक किस्सा सांगतो. गिऱ्हाईक वेटरला म्हणतं, हे सूप चाखून बघ. गार आहे का? चाखून बघ. बिघडलंय का? तू चाखून बघ. वेटर शेवटी वैतागून म्हणतो, बरं, चमचा कुठाय? आणि गिऱ्हाईक म्हणतं, हां, आता कसं!

आमच्या ह्यांना हा किस्सा फारच आवडला. दुसऱ्या दिवशी जेवताना मला म्हणाले, आमटी चाखून बघ. गार झाली का? चाखून बघ. खारट आहे का? बघ तर चाखून. मी वाटी उचलून तोंडाला लावली आणि म्हटलं, “गूळ कमी आहे.”