मोती चौकाजवळचं फोटोंचं दुकान आणि सफोकची चर्चं

जुने फोटो साताऱ्यात कुठे द्यावेत, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर पक्कं आहे: मोती चौकाजवळच्या बोळातलं, जिन्याखालचं छोटं दुकान. काउंटरमागे मेणवलीच्या घाटावरच्या घंटेचा फोटो लावलाय. वसईच्या मोहिमेतून आलेल्या त्या चर्चच्या घंटेवरची मेरी आणि १७०७ हा आकडा त्यात स्वच्छ वाचता येतो. आत शिरल्यावर आधी तो फोटो जवळून बघा, कामाचा दर्जा तिथेच कळेल.

माझा धंदा जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचा. पाचगणीच्या एका बंगल्याचं सामान निघालं, तेव्हा भंगारवाल्याकडून मी इंग्लंडच्या जुन्या पोस्टकार्डांचा गठ्ठा घेतला. सगळी कार्डं सफोक या एकाच काउंटीची. लॅव्हनमचं चर्च आहे, लोकरीच्या कापडाच्या पैशावर उभं राहिलेलं, १४१ फूट उंच मनोऱ्याचं. तिथलीच वाकलेल्या लाकडी चौकटींची घरं आहेत. आणि डनिचच्या ऑल सेंट्स चर्चची तीन कार्डं, ज्यांच्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला.

डनिच मध्ययुगात मोठं बंदर होतं. १२८६ आणि १३२८ च्या वादळांनी त्याची वाट लावली, मग समुद्र वर्षानुवर्षं गाव पोखरत राहिला. ऑल सेंट्सचा वापर १७५० च्या दशकात थांबला. १९०४ पासून चर्च कड्यावरून तुकड्यातुकड्याने खाली जाऊ लागलं आणि १९१९ मध्ये मनोऱ्याचा राहिलेला भागही गेला. माझ्या पहिल्या कार्डात मनोऱ्यामागे लांबलचक भिंती उभ्या आहेत. दुसऱ्यात समुद्राकडची बाजू तुटलीय. तिसऱ्यात मनोरा जवळजवळ एकटाच, अगदी कड्याच्या काठावर. एखादी इमारत कशी जाते हे असं ओळीने बघायला मिळणं फार दुर्मीळ. आमच्याकडे वाडा पडल्यावर फोटो काढतात.

ही कार्डं मी आधी दुसऱ्या एका ठिकाणी दिली होती. त्यांनी संगणकावर ‘क्लिअर’ करून दिली आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. सफोकमध्ये बांधकामाचा चांगला दगड निघत नाही. तिथल्या भिंती चुन्यात बसवलेल्या गारगोट्यांच्या, घडीव दगड फक्त कोपऱ्यांना आणि खिडक्यांना, तोही बाहेरून आणलेला. त्या ओबडधोबड भिंतींच्या जागी यंत्राने सरळ रेषेत विटा काढल्या होत्या! मनोऱ्याची भेगही बुजवून टाकली. फोटो दिसायला छान, पण अशी भिंत सफोकमध्ये कधी नव्हतीच.

मोती चौकातल्या दुकानात काम करणाऱ्या मुलीने मात्र स्कॅन केल्यावर कशालाच हात लावला नाही. स्क्रीनवर फोटो मोठा करून विचारलं, “दादा, ही रेघ कागदाची का भिंतीची?” त्या एका प्रश्नासाठी मी हे दुकान कोणालाही सुचवेन. आम्ही दोघांनी भिंग लावून मूळ कार्ड पाहिलं. एक रेघ आकाशातून निघून मनोरा ओलांडून खाली गवतापर्यंत सरळ गेलेली, कडेला कागदाचे पांढरे तंतू वर आलेले. ती कार्डाची घडी. दुसरी मनोऱ्यातच सुरू होऊन मनोऱ्यातच संपते, खिडकीच्या कमानीपासून उतरते, गारगोट्यांना वळसा घालत दरजांमधून वाट काढते. ती खरी भेग. पहिली काढली, दुसरी तशीच ठेवली. बुरशीचे ठिपकेही तिने फक्त आकाशातले साफ केले. भिंतीवरच्यांना, मला विचारल्याशिवाय, हात लावला नाही.

मालकांना कार्डांचीही चांगली जाण आहे. त्यांनी पाठ आधी बघितली. पत्ता आणि मजकूर एकाच बाजूला लिहायची परवानगी ब्रिटनमध्ये १९०२ साली मिळाली, म्हणजे मध्ये उभी रेघ असलेलं कार्ड त्याआधीचं नाही. एकावर सातव्या एडवर्डचं हिरवं अर्ध्या पेनीचं तिकीट आहे. हा राजा १९१० मध्ये गेला, तेव्हा कार्ड टाकल्याचा काळ साधारण ठरतो. फोटो त्याआधीचा असू शकतो, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. छापील कार्डावर भिंगातून ठिपके दिसतात, खऱ्या फोटोकार्डावर नाहीत. दोन्हींचं स्कॅनिंग वेगळ्या पद्धतीने करावं लागतं, आणि ते त्यांनी केलं.

साडेपाच बाय साडेतीन इंचाचं कार्ड १२०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला १२०० ठिपके घेऊन, स्कॅन करायला मला ६० रुपये पडले. टचिंगचे, म्हणजे डाग-घड्या काढायचे, कामाप्रमाणे वेगळे, आकडा आधी सांगतात. मॅट कागदावरच्या बारा बाय अठराच्या प्रिंटमध्ये मनोऱ्याच्या गारगोट्या सुट्या सुट्या दिसतात.

फ्रेमिंगवर मात्र मी नाराज आहे. काच थेट प्रिंटवर टेकवतात आणि मागे साधा हार्डबोर्ड ठोकतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात असा फोटो काचेला चिकटतो, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. मध्ये जाड माउंट, म्हणजे काच फोटोपासून दूर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, घाला म्हटलं तर घालतात, पण आम्लमुक्त बोर्ड, ज्याने फोटो पिवळा पडत नाही, तो ठेवत नाहीत. मी पुण्याहून आणून दिला. इतकं जाणतं काम करणाऱ्यांनी तो ठेवायलाच हवा, मी तोंडावर सांगितलंय. गणपतीच्या आधी काही देऊ नका, बॅनरच्या कामात जुने फोटो मागे पडतात.

माहुलीच्या घाटाचे आमच्या घरातले फोटो आता तिथेच देणार आहे. त्यांत पायऱ्यांवर पुराच्या पाण्याच्या रेघा आहेत, त्या राहिल्याच पाहिजेत. तुम्ही गेलात तर टचिंगच्या आधीची टिफ फाइल, म्हणजे मूळ स्कॅन, पेन ड्राइव्हवर मागून घ्या. वेगळे पैसे घेत नाहीत, पण मागितल्याशिवाय देतही नाहीत.