टायर घरी बदलायचा संच: रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४११ बाइकवर काही महिने वापरल्यानंतर

आधीच सांगतो, पैसे वाचवायला हा संच घेऊ नका. शहरातला मशीनवाला टायर बदलायची जी मजुरी घेतो ती आणि या अवजारांची किंमत यांचा हिशेब जुळायला बरेच टायर झिजवावे लागतील. संच घ्यायचा तो वेगळ्या कारणासाठी. ४११ ची चाकं स्पोकची आणि आत ट्यूब. स्पितीत काझाच्या अलीकडे खिळा घुसला तर ट्यूबलेससारखी रबरी दोरी खुपसून पुढे निघता येत नाही, टायर रिमवरून उतरवावाच लागतो. ते काम पहिल्यांदा घरच्या अंगणात, उजेडात, पाण्याची बादली हाताशी असताना केलेलं बरं. शिवाय चाक हातात आलं की बेअरिंग, स्पोक, ब्रेक पॅड, मागच्या हबमधले कश रबर (झटके झेलणारे रबरी तुकडे) एकाच वेळी बघून होतात. दुकानात एवढं कुणी बघत नाही.

संचात पंधरा इंची तीन टामी (टायर उचकटायच्या पट्ट्या), रिमला लावायचे प्लास्टिकचे संरक्षक, वॉल्व्ह ओढायची केबल, वॉल्व्ह पिन काढायची चावी आणि बीड, म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कड, दाबायचा क्लॅम्प एवढं आहे.

टामींबद्दल तक्रार नाही. टोकं पातळ आणि किंचित वाकवलेली आहेत, पंक्चरवाल्याच्या सरळ पट्टीपेक्षा टायरखाली सहज जातात. काही महिन्यांत टोकावरचं क्रोम निघालं, पण एकही वाकली नाही. क्रोम निघालेली कड नखाला लागते का बघा. लागत असेल तर तिथे पॉलिश पेपर मारा, कारण तीच कड ट्यूब चिरते. पंधरा इंच लांबी घरी सोयीची, पण प्रवासाच्या पिशवीत मावत नाही. त्यासाठी आठ-नऊ इंची दोन टामी वेगळ्या घ्या. लांब टामीचा एक धोकाही आहे. तिच्यावर इतका जोर लागतो की रिमची कड दबली तरी हाताला कळत नाही.

संरक्षक मात्र टाकाऊ. गुळगुळीत असल्यामुळे टामी सरकली की तेही सरकतात, आणि एखादा टायरच्या आत जाऊन बसला तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. वापरायचेच असतील तर प्रत्येकाला सुतळी बांधा आणि तिचं टोक बाहेर ठेवा. इंजिन ऑइलच्या रिकाम्या कॅनमधून कापलेले तुकडे हेच काम करतात, फुकट.

क्लॅम्प पुढच्या चाकाला लागतच नाही. ९०/९०-२१ ची बीड हवा पूर्ण सोडल्यावर बुटाच्या टाचेने दाबली तरी रिमवरून सुटते. मागचा १२०/९०-१७ जुना, उन्हाने कडक झालेला असेल तर क्लॅम्प कामाला येतो. नसेल तर दुसऱ्या बाइकचं साइड स्टँड टायरवर, रिमच्या अगदी लगत टेकवा आणि ती बाइक हळूच त्या बाजूला कलती करा. स्टँड स्पोकवर किंवा डिस्कवर येणार नाही एवढं बघा.

सगळ्यात किरकोळ दिसणारी केबल हीच संचातली खरी कामाची वस्तू. नवी ट्यूब आत सारल्यावर वॉल्व्ह रिमच्या भोकातून बाहेर काढताना बोटं टायरखाली अडकतात आणि नाकी नऊ येतात. केबल आधी भोकातून आत घालायची, वॉल्व्हच्या आट्यांवर फिरवून बसवायची आणि ओढायची. अर्ध्या मिनिटाचं काम.

आता खुद्द कामाकडे. मागच्या चाकाला सेंटर स्टँड पुरतं. पुढच्यासाठी इंजिनखालच्या प्लेटला लाकडी ठोकळा देऊन जॅक लावावा लागतो. ॲक्सल काढायच्या आधी दोन्ही बाजूंच्या बुशांचा फोटो काढा. उलटे बसले तर चाक मध्यावर येत नाही. चाक बाहेर आल्यावर कॅलिपरच्या पॅडांमध्ये पुठ्ठ्याची जाड घडी सारून ठेवा. चुकून कुणी ब्रेक दाबला तर पॅड मिटतात आणि डिस्क परत आत जाता जात नाही. चाक जमिनीवर डिस्क खाली करून कधीही ठेवू नका. जुना टायर आडवा टाकून त्यावर ठेवा, म्हणजे डिस्क आणि एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) रिंग दोन्ही अधांतरी राहतात.

नवा टायर अर्धा-पाऊण तास उन्हात ठेवा. एप्रिल-मेमध्ये दहा मिनिटंही पुरतात. थंड रबर टामीला दाद देत नाही. बीडला आणि रिमच्या कडेला भांड्याच्या लिक्विड सोपचं पाणी सढळ हाताने लावा. इंजिन ऑइल, ग्रीस, गंज सोडवायचे स्प्रे टायरवर नकोत. ते रबर खातात, आणि बीड नंतर रिमवर घसरत राहते. कपडे धुण्याची पावडरही टाळा, स्पोकच्या निपलांना (रिममधल्या नटांना) गंज धरतो.

इथून पुढचं सगळं यश रिमच्या मधल्या खोलगट भागावर अवलंबून आहे. बीडमध्ये पोलादी तार असते, ती ताणत नाही. रिमच्या कडेचा घेर बीडपेक्षा मोठा, म्हणून एका बाजूची बीड कडेवरून काढायची तर समोरच्या बाजूची मधल्या खोबणीत उतरलेली हवी. तेवढ्यानेच लागणारी ढील मिळते. टामीवर लोंबकळावं लागत असेल, तर समोरची बाजू खोबणीतून वर आली आहे असं समजा. थांबा, गुडघ्यांनी ती पुन्हा खाली दाबा, मग टामी उचला. इथे ताकद लावली की तार तुटते किंवा रिम दबते, आणि तार तुटलेला टायर भंगारातच जातो.

उतरवताना सुरुवात वॉल्व्हजवळून करा. वॉल्व्हचा नट आधीच काढून वॉल्व्ह आत ढकललेला असावा. एका घासाला दोन इंच, जास्त नाही. दोन टामी बसल्यावर तिसरीने पुढे सरकायचं. एक बाजू निघाली की ट्यूब बाहेर काढा आणि रिमची रबरी पट्टी तपासा. ती सरकलेली किंवा कुजलेली असली तर निपलचं टोक ट्यूबला आतून घासत राहतं, आणि बाहेरून खिळा न दिसता पंक्चर होतं. असं पंक्चर ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या अंगाला मिळतं, त्यावरून लगेच ओळखू येतं.

बसवताना बाणाची दिशा बघा. बाजूच्या भिंतीवर रंगीत ठिपका असेल तर तो वॉल्व्हशी येऊ द्या. सहसा ती टायरची हलकी बाजू असते. उत्पादनाचा चार अंकी आकडाही वाचून घ्या. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानदार ‘नवाच आहे’ म्हणून दोन-तीन वर्षं पडून असलेला माल देतात.

ट्यूबला टाल्कम पावडर चोळा आणि आकार येईल इतपतच हवा भरा. रिकाम्या ट्यूबला घड्या पडतात आणि घडी टामीखाली येते; जास्त फुगवली तर टामीला जागाच उरत नाही. दुसरी बीड चढवायला वॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून शेवट वॉल्व्हपाशी करा. उलट केलं तर वॉल्व्हखाली ट्यूबचा जाड भाग असल्यामुळे बीड खोबणीत उतरत नाही आणि शेवटचा तुकडा चढता चढत नाही. शेवटचे सहा इंच सगळ्यात घातकी. टामी उभी रेषा ओलांडून पलीकडे झोपवली की तिचं टोक ट्यूबपर्यंत पोचतं. म्हणून टामी अर्धीच उचला आणि उरलेलं काम तळहाताने दाबून करा. बीड आत गेल्यावर वॉल्व्ह दोनदा आत दाबून पाहा. अडखळला तर ट्यूब बीडखाली अडकली आहे. टामीने चिरलेली ट्यूब कित्येकदा लगेच फुटत नाही, रात्रभरात बसते.

आता हवा. बारा व्होल्टचा पंप चालतो, पण गोंगाट फार आणि गरम होतो. सायकलचा उभा पंप जास्त भरवशाचा वाटला. ४० पीएसआयच्या आसपास न्या, टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. रिमलगत टायरवर एक बारीक उठावाची रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की बीड बसली. एखाद्या जागी रेघ आत गेली असेल तर हवा सोडून साबणपाणी लावा आणि पुन्हा भरा. सगळं नीट बसल्यावरही एकदा हवा पूर्ण सोडा म्हणजे ट्यूबची मुरड निघते, मग एकट्यासाठी पुढे २५ आणि मागे ३२ भरा. वॉल्व्हचा नट रिमला आवळू नका, वर टोपणाशी ठेवा. टायर रिमवर सरकला तर वॉल्व्ह तिरका झालेला लगेच दिसतो. आवळलेला असेल तर मुळातून फाटतो.

चाक परत लावताना ॲक्सलला मॅन्युअलमधला टॉर्क द्या, अंदाजाने नको. पुढे ॲक्सल आवळून गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा सस्पेन्शन चार-पाच वेळा दाबा आणि मगच फोर्कच्या तळाचा, ॲक्सल पकडून ठेवणारा पिंच बोल्ट आवळा. गाडी हलवण्याआधी ब्रेक लिव्हर आणि पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा. पहिले शंभरेक किलोमीटर टायर नवा असतो, वळणावर सांभाळून.

तीन सूचना राहिल्या. संचात हवा मोजायचं गेज नाही, डायलचं वेगळं घ्या. लांबच्या प्रवासात दोन ट्यूबांना जागा नसेल तर २१ इंची एकच ठेवा. ती मागच्या १७ मध्ये दुकान गाठेपर्यंत चालून जाते, उलट होत नाही. आणि हिमालयन ४५० ची ट्यूबलेस स्पोकची चाकं असतील तर हा संच घेऊ नका. ती बीड या क्लॅम्पला सहज दाद देत नाही, आणि बसवायला पंपाने नाही, कॉम्प्रेसरने एकदम हवा मारावी लागते.